कचेरीतील लोकसंग्रह

गृहस्थाश्रमी मनुष्याचा जागेपणीचा बहुतेक काळ घरात जात नाही, देवघरात तर त्याहून कमी जातो. तो कचेरीत, दुकानात, शाळेत किंवा कारखान्यात जातो. त्यातही चाळिशीच्या सुमारास पुष्कळांवर एक प्रसंग येतो. काल ज्यांच्या शेजारी बसून आपण कारकुनी केली, त्यांच्यावरच आज देखरेख करावयाची असते. कामाची माहिती असते, नियमांची पुस्तके तोंडपाठ असतात. परंतु माणसे कशी चालवावीत हे कोणी शिकविलेले नसते. मग कोणी एकाएकी कठोर होतो. कोणी सर्वांना राजी राखण्याच्या नादात कोणालाच काही सांगू शकत नाही. आणि कोणी दिवसभर गिळलेला संताप सायंकाळी घरी आणून बायकामुलांच्या पदरात टाकतो. हा तिसरा प्रकार सर्वांत अधिक आढळतो. कचेरीतील वरिष्ठपणाचा प्रश्न हा केवळ पगाराचा व बढतीचा प्रश्न नसून घराच्या शांतीचाही प्रश्न आहे, म्हणून त्याचा येथे विचार करावयाचा.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात ‘लोकसंग्रह’ हा शब्द आला आहे. तो जनकासारख्या राजांच्या संदर्भात आला असल्यामुळे आपण सामान्य माणसे तो शब्द आदराने बाजूस ठेवतो. वस्तुतः संग्रह म्हणजे सांभाळून एकत्र धरणे. लोकांना कर्ममार्गावर एकत्र धरून ठेवणे हे काम राज्याला लागते तसेच पाच माणसांच्या विभागालाही लागते. श्रेष्ठ मनुष्य जसा वागतो तसे इतर वागतात, हे भगवंतांनी त्याच ठिकाणी सांगितले आहे. आणि ज्याने एखाद्या कचेरीत दोन महिने काढले आहेत त्याला याचे निराळे प्रमाण नको. साहेब अकरा वाजता येऊ लागले की साडेदहाची हजेरी आठ दिवसांत अकरावर जाते. त्यासाठी परिपत्रक काढावे लागत नाही!

या विषयाच्या अभ्यासासाठी राजाचे किंवा संताचे उदाहरण न घेता एका नोकरदाराचे उदाहरण घेऊ. काशीक्षेत्रात मराठी कुळे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांतील गल्ल्यांतून मराठी बोलणे ऐकू येई. मूळच्या कोकणातील अशाच एका कुटुंबात 16 नोव्हेंबर 1883 रोजी काशी येथे बाबूराव विष्णु पराडकर यांचा जन्म झाला. बंगाली वाङ्मयात नाव मिळविलेले सखाराम गणेश देउस्कर हे त्यांचे मामा. 1906 साली बाबूराव कलकत्त्यास ‘हिंदी बंगवासी’त दाखल झाले, पुढे ‘हितवार्ता’ व ‘भारतमित्र’ या पत्रांत त्यांनी काम केले, बंगाल नॅशनल कॉलेजात हिंदी व मराठी शिकविले, आणि 1916 साली क्रांतिकारकांशी संबंध असल्याच्या संशयावरून सरकारने त्यांना सुमारे साडेतीन वर्षे स्थानबद्ध केले. 1920 साली सुटून ते काशीस परतले. त्याच वर्षी 5 सप्टेंबर रोजी बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी ‘आज’ हे हिंदी दैनिक काढले. त्याच्या आखणीपासून पराडकर तेथे होते आणि मधली चार वर्षे सोडल्यास 12 जानेवारी 1955 रोजी काशीतच देह ठेवीपर्यंत तेच त्यांचे कार्यस्थान राहिले. गीतेवर त्यांनी हिंदीत टीका लिहिली आहे. तथापि आपण त्यांच्याकडे टीकाकार म्हणून पाहणार नाही. एका कचेरीचा कर्ता पुरुष म्हणून पाहू.

प्रथम पाहण्याजोगी गोष्ट ही की, ‘आज’ निघाला तेव्हा पराडकर त्याचे मुख्य संपादक नव्हते. पहिले संपादक होते श्रीप्रकाश, जे पुढे महाराष्ट्र राज्याचे पहिले राज्यपाल झाले. श्रीप्रकाशांचा जन्म 1890 चा. म्हणजे ते पराडकरांहून सुमारे सात वर्षांनी लहान. पराडकरांच्या पदरी कलकत्त्याच्या तीन पत्रांतील अनुभव आणि साडेतीन वर्षांची बंदी. तरीही पहिली चार वर्षे ते सहसंपादक म्हणून राहिले व त्यानंतर संपादक झाले. आपल्याहून वयाने लहान व या धंद्यात नव्या असलेल्या माणसाच्या हाताखाली काम करण्याचा प्रसंग आजच्या कचेऱ्यांतून तर नित्याचाच झाला आहे. परीक्षा देऊन वरच्या जागेवर आलेला पंचविशीतला अधिकारी आणि पंचवीस वर्षे नोकरी झालेला मुख्य कारकून ही जोडी आपण सर्वांनी पाहिली आहे. तेथे जुना मनुष्य दोनपैकी एक करतो. तो आपले ज्ञान गुप्त ठेवतो आणि नव्या साहेबाची फजिती होण्याची वाट पाहतो. अथवा ते ज्ञान कामाच्या पायाशी ओततो. जो पहिला मार्ग धरतो तो पुढे स्वतः वरिष्ठ झाला तरी त्याच्या हाताखालचे लोक त्याच्याशी तसेच वागतात, कारण त्यांनी ती विद्या त्याच्याचकडून घेतलेली असते. वरिष्ठपणाचे शिक्षण खुर्ची मिळाल्यावर सुरू होते असे समजणे चुकीचे आहे. ते कनिष्ठपणातच पुरे व्हावे लागते. आपण आपल्या वरिष्ठाच्या पश्चात् त्याच्याविषयी काय बोलतो याकडे लक्ष ठेवावे. उद्या आपल्या पश्चात् तेच बोलले जाणार आहे.

आता संपादकाच्या खुर्चीकडे वळू. इंग्रजी अमदानीत 1867 च्या कायद्यान्वये वृत्तपत्रावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे छापावी लागत. 1922 सालच्या दुरुस्तीने प्रत्येक अंकावर संपादकाचे नावही छापणे आवश्यक झाले. याचा व्यवहारातील अर्थ फार कडक होता. मध्यरात्री एखाद्या उपसंपादकाने घाईत लिहिलेली ओळ, जुळाऱ्याने चुकीने बसविलेला खिळा, मुद्रितशोधकाच्या नजरेतून निसटलेला शब्द, या सर्वांचा जाब सरकार ज्याच्या नावावर विचारी तो मनुष्य त्या वेळी कदाचित घरी झोपलेला असे. ‘ती ओळ मी लिहिली नव्हती’ हे उत्तर न्यायालयात चालत नसे. मला वाटते, प्रत्येक विभागप्रमुखाने मनातल्या मनात आपल्या विभागातून जाणाऱ्या प्रत्येक कागदावर असेच आपले नाव छापलेले आहे असे समजावे. यातून दोन सवयी आपोआप लागतात. एक, कागद बाहेर जाण्यापूर्वी तो खरोखर वाचण्याची. आणि दुसरी, बाहेरच्या माणसासमोर हाताखालच्याचे नाव पुढे न करण्याची. ग्राहक रागावून आला, वरच्या कचेरीतून विचारणा आली, तर ‘आमच्या अमक्याने घोटाळा केला’ असे म्हणणारा वरिष्ठ त्या क्षणी सुटतो खरा, परंतु त्या अमक्याला आणि ते ऐकणाऱ्या इतर दहा जणांना तो कायमचा गमावून बसतो.

याचा अर्थ चुकीकडे दुर्लक्ष करावे असा मुळीच नाही. बाहेर जबाबदारी घ्यावयाची ती आत बोलण्याचा अधिकार मिळविण्यासाठीच. त्या बोलण्याची रीतही गीतेने सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाच्या रूपाने सांगून ठेवली आहे: उद्वेग उत्पन्न न करणारे, सत्य, प्रिय आणि हिताचे. पुष्कळांना यात विरोध दिसतो. सत्य बोलावे तर ते प्रिय होत नाही आणि प्रिय बोलावे तर हित होत नाही, अशी तक्रार असते. परंतु तक्रार करणाऱ्यांनी वेळ आणि जागा यांचा विचार केलेला नसतो. तेच वाक्य चार माणसांदेखत उद्वेग करते आणि दार लोटून एकट्याला सांगितले तर उपकारासारखे वाटते. काय चुकले ते सांगावे, त्यामुळे कोणाचे कोणते नुकसान झाले ते सांगावे, पुढे काय करावयाचे ते ठरवावे आणि तेथे थांबावे. ‘तुम्ही नेहमीच असे करता’ हे वाक्य जिभेवर येईल, ते गिळावे. ‘नेहमी’ या शब्दाने आजवर एकही कारकून सुधारलेला मी पाहिला नाही. हल्ली भ्रमणध्वनीवरील समूहात वीस जणांसमक्ष एकाची चूक लिहून टाकण्याची जी रीत पडली आहे ती तर त्याज्यच समजावी. बोललेला कठोर शब्द विरून तरी जातो. हा लेखी शब्द त्या बिचाऱ्याच्या खिशात राहतो.

पराडकरांच्या कामाची आणखी एक बाजू वरवर पाहता भाषापंडिताची वाटते, पण तिचा संबंध माणसे चालविण्याशी फार जवळचा आहे. त्या काळी वृत्तसंस्थांच्या तारा इंग्रजीत येत. देशी भाषेतील दैनिकाच्या उपसंपादकाला त्या रात्रीच्या रात्री आपल्या भाषेत उतरवाव्या लागत. नवनवी इंग्रजी पदे येत आणि त्यांना प्रतिशब्द नसत. दहा उपसंपादक दहा शब्द लिहितील अशी स्थिती. हिंदी वृत्तपत्रांत नावामागे ‘मिस्टर’ऐवजी ‘श्री’ रूढ करण्याचे, तसेच ‘राष्ट्रपति’, ‘मुद्रास्फीति’ यांसारखे शब्द प्रचारात आणण्याचे श्रेय पराडकरांना दिले जाते. (मराठीने ‘मुद्रास्फीति’ न घेता ‘चलनवाढ’ हा आपला शब्द ठेवला, आणि तो बराही आहे.) हाताखालच्या माणसाला रोज एकाच दगडाची ठेच लागत असेल तर त्याला ‘जपून चाल’ असे रोज सांगण्यापेक्षा एक दिवस वाकून तो दगड काढणे हे वरिष्ठाचे काम होय. आपल्या विभागात कोणता प्रश्न महिन्यातून चार वेळा विचारला जातो, कोणता अर्ज दर वेळी अपुरा भरून येतो, कोणत्या खोलीची किल्ली नेहमी शोधावी लागते, याची नोंद आठवडाभर ठेवून पाहावी. माणसांच्या आळसाविषयीच्या बहुतेक तक्रारी तेथेच विरघळतात.

येथे अठराव्या अध्यायातील एक विचार मुद्दाम सविस्तर पाहिला पाहिजे, कारण वरिष्ठाच्या अहंकारावर त्यासारखे दुसरे औषध नाही. कोणतेही कर्म सिद्धीस जाण्यास पाच कारणे लागतात असे तेथे सांगितले आहे: अधिष्ठान, कर्ता, करणे, निरनिराळ्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव. असे असता जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची दृष्टी अपुरी होय. टीकाकारांनी याचा अर्थ देह व इंद्रिये यांच्या संबंधाने लावला आहे व तो योग्यच आहे; परंतु आपल्या प्रस्तुत कामासाठी हाताने अक्षरे जुळवून छापल्या जाणाऱ्या दैनिकाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. अधिष्ठान म्हणजे ती कचेरी, ती इमारत, तीत गुंतलेले भांडवल. कर्ता म्हणजे संपादक, ज्याचे नाव अंकावर आहे. करणे म्हणजे खिळे, यंत्र, शाई, कागद. देवनागरीच्या जोडाक्षरांमुळे खिळ्यांच्या केसीत शेकडो घरे असत. हात न चुकता योग्य घरात जाण्यास जुळाऱ्याला वर्षे लागत. चेष्टा म्हणजे वार्ताहराची पायपीट, उपसंपादकाचे जागरण, मुद्रितशोधकाचे डोळे, गठ्ठे बांधून पहाटेच्या गाडीवर नेणाऱ्याची धाव, आणि गल्लीबोळांतून अंक टाकणाऱ्या पोराची हाक. आणि दैव म्हणजे त्या रात्री यंत्र बंद न पडणे. वाचकाच्या हातात अंक पडतो तेव्हा तो संपादकाचे नाव घेतो, पाचांपैकी एकाचेच.

हा विचार ज्याच्या अंगी मुरला त्याच्या वागण्यात दोन ठिकाणी फरक दिसतो. काम उत्तम झाले तर ‘मी केले’ हे शब्द त्याच्या तोंडून निघत नाहीत, आणि ते नम्रतेच्या प्रदर्शनासाठी नव्हे तर ते खोटे आहे म्हणून. काम बिघडले तर तो पाचांपैकी कोणते कारण लंगडे पडले ते शोधतो. बहुतेक वरिष्ठ येथे घसरतात. त्यांना सर्व बिघाड चेष्टेत, म्हणजे माणसांच्या कामचुकारपणातच दिसतो. यंत्र जुने झाले आहे, जागा अपुरी आहे, स्वतः दिलेली सूचना संदिग्ध होती, ही कारणे तपासण्याची त्यांना आठवण राहत नाही. आणि दैवाचा भागही मान्य करावा लागतो. तो मान्य न करणारा मनुष्य पुरात अडकलेल्या मालाबद्दलही कोणावर तरी ठपका ठेवतो.

वरिष्ठाची परीक्षा संकटात कशी होते याचे उदाहरण 1930 सालचे. मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी एप्रिल महिन्यात सरकारने वृत्तपत्रांवर वटहुकूम लादला. पत्रांकडून मोठ्या रकमेचे जामीन मागण्यात येऊ लागले. त्या वर्षी पराडकरांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडून, देशाची दुर्दशा पाहून देशभक्ताच्या मनात जे अहिंसक विचार उठतील तेच आमचे संपादकीय समजावे, अशा आशयाचे एकच वाक्य तेथे छापले. पुढे ‘आज’ बंद ठेवावा लागला तेव्हा काशीत ‘रणभेरी’ हे गुप्त पत्रक निघू लागले, त्यामागेही ते होते. त्या पत्रकावर नाव नव्हते, पगार नव्हता, आणि सापडल्यास तुरुंग होता. ज्या कामाचा धोका मोठा त्यात वरिष्ठाने स्वतः असावे लागते. हाताखालच्यांना पुढे करून आपण मागे राहणाऱ्याच्या हुकुमाला पुढे कोणी किंमत देत नाही. आपल्या कचेरीत तुरुंगाचा प्रसंग येत नाही हे खरे. पण अडचणीचे पत्र कोणाच्या सहीने जावयाचे हा प्रसंग दर महिन्यास येतो.

वरिष्ठालाही वरिष्ठ असतोच. शिवप्रसाद गुप्त हे धनवान गृहस्थ. काशी विद्यापीठ आणि काशीचे भारतमाता मंदिर ही त्यांच्याच औदार्याची फळे. असा मालक लाभणे हे भाग्य होय. तरीही 1925 साली वृंदावन येथील संपादक संमेलनात अध्यक्षपदावरून बोलताना पराडकरांनी पुढील काळाविषयी जो इशारा दिला तो मालकांना गोड वाटण्यासारखा नव्हता: पत्रे आकाराने मोठी होतील, छपाई व चित्रे सुंदर होतील, खप वाढेल, परंतु त्यांतील प्राण जाईल आणि संपादकाला पूर्वीचे स्वातंत्र्य उरणार नाही. आज शंभर वर्षांनी हे भाकीत किती खरे ठरले ते वाचकांनी आपल्या सकाळच्या वृत्तपत्रावरून ठरवावे. आपल्या विषयापुरते महत्त्वाचे इतकेच की, खालच्या माणसांचे कल्याण पाहणाऱ्याला वरच्यांपाशी अप्रिय बोलण्याची तयारी ठेवावी लागते. वरती गोड आणि खाली कडू असा मनुष्य नोकरीत चढतो. त्याच्या विभागातील लोक मात्र बदलीचे अर्ज लिहीत असतात.

काशीच्या संदर्भात अहल्याबाई होळकरांचे स्मरण न होणे अशक्य. त्यांचे कार्यस्थान नर्मदातीरीचे महेश्वर, आणि विश्वनाथाचे मंदिर त्यांनी 1780 च्या सुमारास बांधविले ते गंगातीरी, शेकडो कोसांवर. पत्र जाऊन उत्तर येण्यास आठवडे लागत. ज्याला दूरच्या शाखेचे काम सांभाळावयाचे आहे त्याने याचा विचार करावा: तेथे रोज डोके घालता येत नाही, म्हणून मनुष्य निवडतानाच डोके घालावे लागते. त्यांची दुसरी गोष्ट अधिक मोलाची. देवालये, घाट, अन्नछत्रे यांचा खर्च त्या राज्याच्या खजिन्यातून न करता आपल्या खासगीतून करीत. कचेरीचा कागद मुलाच्या वहीसाठी आणि कचेरीचा शिपाई घरच्या भाजीसाठी, हे ज्या घरी चालते तेथील कर्त्याने दुसऱ्या दिवशी प्रामाणिकपणावर बोलू नये हे बरे.

आता घरी परतण्याचा प्रश्न, जो आरंभी मांडला. कचेरीत दिवसभर संयम राखणारा सज्जन मनुष्य घरी का फुटतो? कारण घरची माणसे राजीनामा देत नाहीत. यावर मोठ्या साधनेपेक्षा लहान उपाय चालतो. कचेरी आणि घर यांच्यामध्ये एक घटका अशी ठेवावी की जी दोहोंचीही नव्हे. काशीतील मनुष्याला घाटाच्या पायऱ्या आहेत. मुंबईकराला लोकलगाडीतील धक्काबुक्की आहे, तीत तरी डोळे मिटता येतात. त्या वेळात दिवसातला एकच प्रसंग घेऊन त्याची पाचही कारणे पाहावीत, आणि उद्या कोणाशी काय बोलावयाचे ते निश्चित करावे. बोलावयाचे ठरले की राग बहुधा बसतो. न ठरलेले बोलणे हेच घरी ताटावर सांडते. आणि घरी पोचल्यावर पत्नीने विचारले तर ‘काही नाही’ न म्हणता दोन वाक्यांत सांगावे. न सांगितलेल्या काळजीचा अर्थ घरातील लहान मुले आपल्यावर घेतात.

1943 साली पराडकर ‘आज’ सोडून काशीतीलच ‘संसार’ या दैनिकाचे संपादक झाले आणि 1947 साली ‘आज’मध्ये परत आले. एकाच गावातील दुसऱ्या दैनिकात चार वर्षे काढून जुन्या खुर्चीवर परत येता आले, यावरून जातानाचे बोलणे कसे असावे याची कल्पना करता येते. नोकरी सोडणाऱ्याची शेवटची आठ दिवसांची वागणूक त्याच्या आधीच्या दहा वर्षांइतकी लक्षात राहते. त्यांच्याबरोबर काम केलेल्या तरुणांत कमलापती त्रिपाठी होते, जे पुढे 1971 ते 1973 या काळात उत्तर प्रदेशाचे मुख्यमंत्री झाले. पराडकरांच्या नावाने काशीत पत्रकारांचे स्मृतिभवन उभे आहे. पण त्यांच्या निधनानंतर पाच वर्षांनी, 1960 साली, त्यांचे जे चरित्र प्रसिद्ध झाले त्याचे लेखक लक्ष्मीशंकर व्यास हे त्यांच्याच कचेरीतले, रोज त्यांच्या हाताखाली बसणारे सहकारी होते.